प्रोस्टेटचा कॅन्सर लवकर सापडलाय, रेडिएशन घ्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. ६३ व्या वर्षी माझा पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ७.८ आला, बायोप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती गंभीर ते सांगणारा आकडा, पुढे समजावलाय) ३+४ निघाला आणि दीड महिना डोकं खाऊन शेवटी मी रेडिएशन घेतलं, २० सीटिंग. त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून कुणाच्या भावाला, कुणाच्या साहेबांना, कुणाच्या सासऱ्यांना हेच निघालं की लोक माझा नंबर देतात आणि मग तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतोय. तुमचा रिपोर्ट वेगळा, तुमचं शरीर वेगळं, त्यामुळे हे वाचून थेट निर्णय घेऊ नका, डॉक्टरांसमोर बसण्याआधीची तयारी म्हणून वाचा.

रिपोर्ट कालच आलाय, लगेच ट्रीटमेंट सुरू करायला हवी ना?

नाही हो. घाबरून पहिल्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख घेऊन मोकळे झालेले लोक मी पाहिलेत आणि नंतर त्यातल्या काहींना वाटलं की थोडं थांबलो असतो तर बरं झालं असतं. प्रोस्टेटचा लवकर सापडलेला कॅन्सर बहुतेक वेळा हळू चालतो, म्हणजे वर्षांच्या हिशोबाने. काही आठवडे, कधी दोन-तीन महिने विचारात गेले तरी सहसा काही बिघडत नाही. पण हे 'लवकरच्या' स्टेजबद्दल आहे, पीएसए खूप जास्त असेल, ग्लीसन ८ ते १० असेल किंवा हाडं दुखत असतील तर हा मजकूर तुमच्यासाठी नाही, तुम्ही डॉक्टरांना विचारूनच काय ती वेळ ठरवा.

लवकरचा म्हणजे नक्की कुठला? ग्लीसन ६ म्हणजे १० पैकी ६, म्हणजे निम्म्याच्या वर गेला की!

हा घोळ इतक्या लोकांचा होतो की काय सांगू, माझ्या मोठ्या भावानेही फोनवर हेच विचारलं होतं. ग्लीसन नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९६० च्या दशकात ही पद्धत काढली, मायक्रोस्कोपखाली पेशींची मांडणी कितपत विस्कटलीये त्याला १ ते ५ आकडा द्यायचा आणि दोन आकड्यांची बेरीज करायची. पण बायोप्सीत १ आणि २ हे आकडे आता कोणी देतच नाही, त्यामुळे कॅन्सर म्हणून रिपोर्ट आला की कमीत कमी बेरीज ३+३ म्हणजे ६ च येते. म्हणजे ६ हा सगळ्यात खालचा आकडा आहे. हा गोंधळ टाळायला आता रिपोर्टवर ग्रेड ग्रुप १ ते ५ असंही लिहितात, ग्लीसन ६ म्हणजे ग्रुप १.

अजून एक, ३+४ आणि ४+३ दोन्हीची बेरीज ७ असली तरी एकच नाहीत. पहिला आकडा नमुन्यात जास्त प्रमाणात दिसणाऱ्या पेशींचा, त्यामुळे ४+३ हा जास्त गंभीर (ग्रुप ३) आणि ३+४ त्यापेक्षा सौम्य (ग्रुप २). फोनवर "सात आलाय" एवढंच सांगू नका, दोन्ही आकडे सांगा.

ढोबळ हिशोब असा: पीएसए १० च्या खाली, ग्लीसन ६ आणि बोटाने तपासताना गाठ लागत नाही किंवा एकाच बाजूला छोटी लागते, तर लो रिस्क. पीएसए १० ते २० किंवा ग्लीसन ७ म्हणजे इंटरमीडिएट. पीएसए २० च्या वर किंवा ग्लीसन ८ ते १० म्हणजे हाय रिस्क. कॅन्सर प्रोस्टेटच्या आतच असणं ही लवकरच्या स्टेजची मुख्य अट.

आणि एक महत्त्वाची गोष्ट जी विचारायची राहून जाते. प्रोस्टेट वाढलंय म्हणून फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडच्या गोळ्या चालू असतील तर पीएसए साधारण निम्मा दिसतो. म्हणजे कागदावर ५ असेल तर खरा १० च्या आसपास धरायचा. डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवाच.

बायोप्सीची स्लाइड दुसरीकडे दाखवावी का?

हो. ग्लीसन देणं हे शेवटी माणसाच्या नजरेचं काम आहे आणि दोन पॅथॉलॉजिस्टचं मत ६ आणि ७ मध्ये वेगळं पडू शकतं. निर्णय सगळा त्या आकड्यावर उभा असताना एकदा दुसऱ्या डोळ्यांनी बघून घेतलं तर बिघडलं कुठे. स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) मागून घेता येतात, लाजू नका.

मग काहीच न करता नुसतं लक्ष ठेवणं हा खरंच पर्याय आहे का? का डॉक्टर टाळतायत?

खरा पर्याय आहे, आणि लो रिस्कवाल्या बहुतेकांना आधी हाच सांगितला जातो. याला ॲक्टिव्ह सर्व्हेलन्स म्हणतात. साधारण दर सहा महिन्यांनी पीएसए, अधूनमधून एमआरआय, ठराविक काळाने परत बायोप्सी, आणि काही बदल दिसला तरच ट्रीटमेंट. रेडिएशनवर लिहायला बसलोय आणि रेडिएशन घेऊ नका असं सांगतोय असं वाटेल, पण ग्लीसन ६ असलेला माणूस माझ्याकडे आला तर मी त्याला पहिला प्रश्न हाच विचारतो, की तुम्हाला सर्व्हेलन्सबद्दल कुणी सांगितलं का? नसेल सांगितलं तर आधी ते विचारून या.

अडचण शरीराची कमी आणि मनाची जास्त असते. आत काहीतरी आहे हे माहीत असून वर्षानुवर्षं शांत झोपणं सगळ्यांना जमत नाही, घरच्यांना तर अजिबातच जमत नाही. बायको रोज विचारते, मुलं नेटवरून काहीबाही पाठवतात. पण निव्वळ घरच्यांच्या घाबरण्यापायी आयुष्यभराचे साइड इफेक्ट ओढवून घ्यायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसतं लक्ष ठेवणं, यात जीव वाचवायला कशात जास्त फायदा?

यावर ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, आणि हा मला सगळ्यात उपयोगी पडला कारण त्यात चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले होते, कुणी स्वतःच्या आवडीने गट निवडला नव्हता. १६४३ पुरुष, एका गटाला ऑपरेशन, एकाला रेडिएशन (त्याआधी आणि बरोबर काही महिने टेस्टोस्टेरॉन बंद करणारं हार्मोनचं औषध), एकावर नुसतं लक्ष. १५ वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले. एवढ्या वर्षांत प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले लोक तिन्ही गट मिळून २.७ टक्के. गटवार बघितलं तर लक्ष ठेवलेल्यांत ३.१, ऑपरेशनवाल्यांत २.२, रेडिएशनवाल्यांत २.९. हा फरक इतका थोडा आहे की त्यावरून एक चांगला आणि दुसरा वाईट असं म्हणता येत नाही.

आता दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर अर्धवट होईल. कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण लक्ष ठेवलेल्या गटात ९.४ टक्के होतं, ऑपरेशनमध्ये ४.७ आणि रेडिएशनमध्ये ५.०. म्हणजे ट्रीटमेंट घेतल्याने पसरणं साधारण निम्म्यावर आलं. आणि लक्ष ठेवलेल्यांपैकीही जवळपास ६१ टक्के लोकांनी १५ वर्षांत कधी ना कधी ऑपरेशन किंवा रेडिएशन घेतलंच. मात्र तेव्हाचं लक्ष ठेवणं मुख्यतः पीएसएवर होतं, आजच्यासारखे नेमाने एमआरआय आणि परत बायोप्सी नव्हती. रेडिएशनचं तंत्रही तेव्हा जुनं होतं.

माझ्यासाठी यातून एकच गोष्ट निघाली. ऑपरेशन की रेडिएशन हे 'कशाने जगेन' म्हणून ठरवायचं नाही, कारण तिथे दोन्ही सारखेच. नंतर जो त्रास वाट्याला येईल त्यातला कुठला मला चालेल, यावर ठरवायचं. हे कळलं तेव्हा डोक्यावरचं अर्धं ओझं उतरलं.

मग त्रास कुठला कशात?

ऑपरेशनचा मुख्य त्रास लघवी न थांबण्याचा आणि ताठरता जाण्याचा, आणि हा पहिल्या दिवसापासून असतो, मग हळूहळू थोडा सुधारतो. प्रोटेक्टमध्ये सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्या ४६ टक्के लोकांना पॅड वापरावे लागत होते, रेडिएशनवाल्यांत ५ टक्के. सहा वर्षांनी हेच १७ आणि ४ टक्के.

रेडिएशनचं उलटं असतं, सुरुवातीला माणूस हिंडता-फिरता आणि त्रास मागून येतो. ट्रीटमेंट चालू असताना आणि नंतरचे काही आठवडे लघवी वारंवार, जळजळ, रात्री चार-पाचदा उठणं, संडासची घाई. हे बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत ओसरतं. मग काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काही लोकांना गुदाशयातून थोडं रक्त जाणं, अचानक संडासची घाई होणं, असं सुरू होऊ शकतं. प्रोटेक्टमध्येच १२ वर्षांनी शौचावर ताबा थोडा सुटल्याचं रेडिएशनवाल्या १२ टक्के लोकांनी सांगितलं, बाकी दोन गटांत ६ टक्के. ते जुन्या तंत्राचे आकडे आहेत हे खरं, पण शून्य कधीच नसतं, आणि "आता काहीच होत नाही हो" म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

माझं म्हणाल तर १२ व्या सीटिंगपासून रात्री चारदा उठत होतो, संपल्यावर सहा आठवड्यांत दोनवर आलो. दीड वर्षाने दोनदा पेपरवर लाल डाग दिसला, जीव घशाशी आला होता, तपासणीत रेडिएशनमुळेच निघालं आणि आपोआप थांबलं.

आणि ते... म्हणजे नवरा-बायकोचं?

हा प्रश्न कुणी समोर विचारत नाही, निरोप घेताना दारात उभं राहून विचारतात. म्हणून इथे स्पष्ट लिहितो. रेडिएशननंतर ताठरता एकदम जात नाही, दोन-चार वर्षांत हळूहळू कमी होते, कारण किरणांनी तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा हळूहळू खराब होतात. आधी कितपत जमत होतं, वय किती, डायबिटीस-बीपी आहे का, सिगरेट आहे का यावर खूप अवलंबून. सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांचा बऱ्याच जणांना उपयोग होतो, फक्त छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर अजिबात घ्यायच्या नाहीत, जीवावर बेतू शकतं.

वीर्य खूप कमी होतं किंवा येतच नाही, पण सुखाची जाणीव राहते. आणि मूल हवं असेल (५० च्या आतले लोकही असतात यात) तर रेडिएशनच्या आधीच वीर्य गोठवून ठेवायचं, नंतर नाही.

बायकोला या बोलण्यात बरोबर घेऊन जा. मी पहिल्या भेटीला एकटा गेलो आणि हा विषय टाळला, दुसऱ्या वेळी तिनेच डॉक्टरांना विचारलं आणि मी खाली मान घालून बसलो होतो.

सर्जन म्हणतात ऑपरेशन करा, रेडिएशनवाले म्हणतात रेडिएशन घ्या. कुणाचं ऐकायचं?

सुतार लाकडाचं सांगणार आणि लोहार लोखंडाचं, त्यात लबाडी असतेच असं नाही, ज्याने आयुष्यभर जे केलं त्यावर त्याचा विश्वास असतो. बायोप्सी युरॉलॉजिस्ट (लघवीच्या मार्गाचा सर्जन) करतो म्हणून पहिलं मत आपसूक सर्जनचं मिळतं आणि बरेच लोक तिथेच थांबतात. म्हणून माझा नियम सोपा आहे: सही करण्याआधी एक युरॉलॉजिस्ट आणि एक रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, दोघांना भेटायचं. शक्य असेल तर ज्याला दोन्हीत काही घेणंदेणं नाही असा मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट किंवा घरचा जुना डॉक्टर तिसरा.

दोघांनाही एकच प्रश्न विचारा, "तुमची ट्रीटमेंट माझ्यासाठी कुठल्या कारणाने वाईट ठरेल?" उत्तर द्यायला जो अडखळतो किंवा चिडतो त्याच्याकडे मी परत गेलो नाही.

"आधी ऑपरेशन करा म्हणजे नंतर रेडिएशन देता येतं, उलटं करता येत नाही" हे खरं का?

अर्धं खरं. ऑपरेशननंतर पीएसए परत वर आला तर त्या जागी रेडिएशन देता येतं, हे नेहमी केलं जातं. रेडिएशननंतर प्रोस्टेट काढायचं ऑपरेशन अवघड असतं कारण आतले टिश्यू चिकटतात, लघवीचा ताबा जाण्याची आणि इतर गुंतागुंतीची शक्यता खूप वाढते, त्यामुळे फार थोडे सर्जन ते करतात. पण रेडिएशननंतर कॅन्सर त्याच जागी परत आला तर दुसरे मार्ग असतात, उदाहरणार्थ परत ब्रेकीथेरपी (आतून दिलेलं रेडिएशन), गोठवून पेशी मारणं किंवा हार्मोन. आणि मुळात लो किंवा इंटरमीडिएटमध्ये पहिल्याच ट्रीटमेंटने बहुतेकांचं भागतं. परत येईल या भीतीने पहिली निवड करणं मला तरी पटलं नाही, शिवाय ऑपरेशन आणि वरून रेडिएशन म्हणजे दोन्हीकडचे त्रास.

कुणाला रेडिएशन नको म्हणतात?

आधी त्या भागात रेडिएशन झालेलं असेल, अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्ससारखा आतड्याचा आजार जोरात असेल, तर डॉक्टर सहसा ऑपरेशनकडे वळवतात. प्रोस्टेट खूप मोठं आणि लघवीला आधीच खूप अडथळा असेल तर रेडिएशनने सूज येऊन लघवी तुंबू शकते, तेव्हा आधी त्याचा बंदोबस्त. टीयूआरपी (लघवीच्या वाटेने वाढलेलं प्रोस्टेट खरवडायचं ऑपरेशन) नुकतंच झालं असेल तर काही काळ थांबवतात. खुब्यात धातूचा सांधा असेल, पेसमेकर असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर चालतं, पण आधी सांगायचं.

रेडिएशनमध्ये पण प्रकार आहेत म्हणे, आयएमआरटी, एसबीआरटी, ब्रेकी, प्रोटॉन... डोकं गरगरतं.

माझंही गरगरलं होतं. मुळात दोनच प्रकार, बाहेरून आणि आतून.

बाहेरून म्हणजे लिनॅक नावाच्या मशीनमधून एक्स-रेसारखे पण खूप जास्त ताकदीचे किरण. आयएमआरटी म्हणजे किरणांची ताकद कोपऱ्याकोपऱ्याला कमी-जास्त करून प्रोस्टेटच्या आकाराप्रमाणे डोस बसवणं. आयजीआरटी म्हणजे रोज देण्याआधी फोटो काढून प्रोस्टेट आज नक्की कुठे आहे ते बघणं, कारण प्रोस्टेट हलतं, गॅस झाला तरी हलतं. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी आधी सोन्याचे तांदळाएवढे मार्कर प्रोस्टेटमध्ये बसवतात. (सोनं परत मिळत नाही, विचारून झालंय.)

सीटिंग किती, यावरच सगळ्यात जास्त फोन येतात. पूर्वी ३७ ते ४०, म्हणजे साडेसात-आठ आठवडे रोज. मग ब्रिटनमध्येच ३२१६ लोकांवर चिप नावाचा अभ्यास झाला, त्यात ३७ सीटिंगमध्ये ७४ ग्रे आणि २० सीटिंगमध्ये ६० ग्रे यांची तुलना केली. २०१६ मध्ये निकाल आला की २० वाली पद्धत कुठेच कमी पडत नाही, आणि तेव्हापासून २० सीटिंग हे नेहमीचं झालं. ग्रे म्हणजे डोस मोजायचं एकक, लुई हॅरल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावावरून.

एसबीआरटी म्हणजे त्याच्याही पुढे, फक्त ५ सीटिंग, प्रत्येकात मोठा डोस. पेस-बी अभ्यासात ८७४ लोकांत पाच सीटिंगवाल्यांत ५ वर्षांनी ९५.८ टक्के लोकांचा पीएसए ताब्यात होता आणि नेहमीच्या पद्धतीत ९४.६ टक्के, हे २०२४ मध्ये छापून आलं. म्हणजे कॅन्सरच्या बाबतीत तोडीस तोड, पण लघवीचा त्रास पाच सीटिंगमध्ये थोडा जास्त दिसला, ५ वर्षांत मध्यम किंवा त्यावरचा त्रास २६.९ टक्के विरुद्ध १८.३ टक्के. ज्यांना लांबून यावं लागतं, सोबतीला माणूस नाही, त्यांना पाच दिवसांत मोकळं होणं ही फार मोठी गोष्ट आहे. ज्यांना आधीच लघवीचा त्रास आहे त्यांनी घाई करू नये असं माझं मत. मी त्याच कारणाने २० घेतले.

आतून म्हणजे ब्रेकीथेरपी. एकात आयोडीन-१२५ चे बारीक बी, बरेचसे, भूल देऊन कायमचे प्रोस्टेटमध्ये बसवतात. त्यातली किरणं दर ६० दिवसांनी निम्मी होत जातात, वर्षभरात जवळपास संपतात, बी मात्र तसेच राहतात. दुसऱ्यात सुया घालून इरिडियम-१९२ चा स्रोत थोडा वेळ आत फिरवून परत काढून घेतात, मागे काही राहत नाही. काम एक-दोन दिवसांत होतं, पण लघवीची जळजळ आणि अडथळा सुरुवातीला बाहेरच्यापेक्षा जास्त, काहींना थोडे दिवस कॅथेटर लागतो.

प्रोटॉनबद्दल एवढंच म्हणतो की कागदावर ते सुंदर दिसतं, किरण ठराविक खोलीवर थांबतात. पण फक्त त्यासाठी घरदार गहाण टाकू नका, चांगल्या आयएमआरटीने प्रोस्टेटचं काम होतं.

माझ्या अंगातून किरणं बाहेर पडतील का? नातवाला मांडीवर घेऊ का?

बाहेरून घेतलेल्या रेडिएशनमध्ये मशीन बंद झालं की संपलं, अंगात काहीही राहत नाही. नातवाला खुशाल घ्या, एका ताटात जेवा, एका पलंगावर झोपा. आयोडीनचे बी बसवले असतील तर मात्र पहिले काही आठवडे ते दोन महिने गरोदर बाईजवळ फार वेळ बसायचं नाही, लहान मुलाला मांडीवर बसवायचं नाही असं सांगतात, किती दिवस ते तुमची टीम लिहून देते.

रोज काय होतं तिथे? दुखतं का?

दुखत नाही, भाजत नाही, काहीच जाणवत नाही. जुनी माणसं अजून "लाईट घेतले" किंवा "शेक दिला" म्हणतात त्यामुळे लोकांना वाटतं चटके बसतील. टेबलावर १०-१५ मिनिटं, त्यातही किरणं थोडीच मिनिटं, मशीन गोल फिरतं, घुंई आवाज, झालं. त्याआधी एकदा प्लॅनिंगचं सीटी होतं आणि कातडीवर सुईच्या टोकाएवढे टिंब गोंदतात, रोज त्याच पोझिशनमध्ये झोपवता यावं म्हणून.

खरी परीक्षा ब्लॅडर भरून यायची. मूत्राशय भरलेलं असलं की आतडं वर सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतं, आणि मागचं गुदाशय रिकामं असलं की ते प्रोस्टेटला पुढे ढकलत नाही. म्हणून रोज संडास साफ करून यायचं, ठरल्या वेळी ठरलेलं पाणी प्यायचं, साधारण अर्धा-पाऊण तास रोखून धरायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण मशीन अडकलंय, तुमच्या आधी दोन पेशंट आहेत, आणि तुम्ही पाय आवळून बाकावर बसलेले, समोर सगळे त्याच वयाचे, सगळे त्याच अवस्थेत, कुणी कुणाशी बोलत नाही आणि एकजण शिंकला की बाकीचे दचकतात. हसू पण येत नाही कारण हसलं तर संपलंच. चौथ्या दिवशी मला शहाणपण आलं, पाणी पिण्याआधी टेक्निशियनला विचारायचं की आज किती उशीर आहे. आणि गॅसमुळे टेबलावरून उठवून परत पाठवलं तर अपमान वाटून घेऊ नका, माझं तीनदा झालं. गॅस करणारं खाणं तेवढे दिवस कमी करा, तुम्हाला कशाने होतो ते तुम्हालाच माहीत.

स्पेसर जेल घ्यावं का?

प्रोस्टेट आणि गुदाशयाच्या मध्ये जेल भरून साधारण एक सेंटिमीटरची फट करतात, म्हणजे गुदाशयाला डोस कमी जातो. सहाएक महिन्यांत ते आपोआप विरघळतं. संडासचा त्रास कमी व्हायला मदत होते, पण सगळ्यांना लागतंच असं नाही आणि टोचायचं म्हणजे त्याचा थोडा धोकाही आलाच. गुदाशयावर किती डोस पडतोय हे प्लॅनमध्ये दिसतं, ते बघूनच डॉक्टरांशी बोला.

हार्मोनचं इंजेक्शन पण सांगितलंय, का?

प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्सने १९४१ मध्ये दाखवलं आणि १९६६ मध्ये त्याबद्दल त्याला नोबेल मिळालं. इंजेक्शनने ते टेस्टोस्टेरॉन बंद करतात, मग रेडिएशन जास्त चांगलं काम करतं. लो रिस्कला गरज नाही. इंटरमीडिएटमधल्या जरा वरच्यांना ४ ते ६ महिने, हाय रिस्कला दीड ते तीन वर्षं.

अंगातून वाफा निघणं, थकवा, चिडचिड, इच्छा मरणं, पोट सुटणं, साखर वाढणं, जास्त काळ घेतलं तर हाडं ठिसूळ होणं, हे सगळं त्या इंजेक्शनचं असतं आणि लोक रेडिएशनच्या नावाने बोटं मोडतात. म्हणून तुम्हाला सांगितलं असेल तर "माझ्या रिपोर्टमधल्या कुठल्या गोष्टीमुळे?" एवढं नक्की विचारा.

वय ७८ आहे, शुगर आहे, हार्ट आहे. घ्यावं का?

इथे कॅन्सरपेक्षा बाकीच्या तब्येतीचा हिशोब आधी. साधारण १० वर्षं पुढे आयुष्य दिसत असेल तर ट्रीटमेंटचा फायदा मिळायला वेळ मिळतो, नसेल तर लवकरच्या स्टेजमध्ये साइड इफेक्ट आधी भेटतात. पण ७८ चा ठणठणीत माणूस आणि ६५ चा दोन बायपास झालेला, यात वयाचा आकडा बघून ठरवणं चुकीचंच. भूल चालत नाही अशांना ऑपरेशनपेक्षा बाहेरचं रेडिएशन सोपं जातं हे मात्र खरं.

रेडिएशनमुळे दुसरा कॅन्सर होतो का?

शक्यता असते, थोडी. मूत्राशय किंवा गुदाशयाचा, आणि तोही बरीच वर्षं गेल्यावर. ७० च्या माणसाने यावर झोप उडवू नये, ५० च्या माणसाने हिशोबात धरावं. सिगरेट चालू असेल तर ती आजच सोडा.

रेडिएशन झालं, तीन महिन्यांनी पीएसए अजून शून्य नाही, फेल गेलं का?

नाही! ऑपरेशनमध्ये ग्रंथीच काढतात म्हणून पीएसए काही आठवड्यांत जवळपास शून्यावर येतो. रेडिएशनमध्ये ग्रंथी जागेवरच असते, पेशी हळूहळू मरतात, पीएसए खाली यायला दीड-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. शून्य होतच नाही बऱ्याच जणांचा.

त्यात एक छळवाद म्हणजे बाउन्स. खाली आलेला पीएसए एक-दोन वर्षांनी मध्येच थोडा वर जातो आणि परत आपला आपण खाली येतो. माझा ०.९ वरून १.४ झाला तेव्हा पुढच्या तपासणीपर्यंतचे तीन महिने घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. मग ०.७ आला. कॅन्सर परत आला असं डॉक्टर म्हणतात ते पीएसए सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षा २ ने वाढला तर, त्याला फिनिक्सची व्याख्या म्हणतात. माझा सगळ्यात खालचा ०.९ होता म्हणजे २.९ ला घंटा वाजली असती, १.४ ला नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ते तीन महिने वाचले असते. एकाच लॅबमध्ये करा, आणि लघवीचं इन्फेक्शन चालू असताना करू नका.

ट्रीटमेंट चालू असताना कामावर जाता येतं का? औषधं, काढे?

बसून काम असेल तर बहुतेक लोक जातात. तिसऱ्या आठवड्यापासून दुपारी थकवा येतो, रोज थोडं चालणं हाच त्यावरचा खरा उपाय आहे. काढे, पावडरी, मोठ्या डोसच्या व्हिटॅमिन गोळ्या, शेजाऱ्यांनी सुचवलेलं काहीही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जळजळीसाठी, लघवीचा जोर वाढवण्यासाठी गोळ्या असतात, सहन करत बसू नका, तिथल्या नर्सला सांगा. लघवी पूर्ण बंद झाली किंवा ताप आला तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी जायचं.

सगळं संपल्यावर काय लक्षात ठेवायचं?

पीएसए पहिली काही वर्षं तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षाने. आणि एक गोष्ट जी सुट्टीच्या कागदावर बारीक अक्षरात असते नाहीतर नसतेच. पुढे कधी संडासमधून रक्त गेलं आणि पोटाच्या डॉक्टरांकडे गेलात तर आत शिरल्याबरोबर सांगायचं की माझं प्रोस्टेटचं रेडिएशन झालंय. कारण गुदाशयाची पुढची भिंत किरणांनी नाजूक झालेली असते, तिथला तुकडा सहज म्हणून बायोप्सीला काढला तर जखम भरत नाही आणि क्वचित आरपार भोक पडून मोठी आफत होते. रक्त जातंय म्हणून कोलोनोस्कोपी जरूर करा, पण त्या भिंतीचा तुकडा काढण्याआधी त्यांनी रेडिएशनच्या डॉक्टरांना फोन करावा असा आग्रह धरा. आणि वयामुळे कोलोनोस्कोपी करायची राहिलीच असेल तर रेडिएशन सुरू व्हायच्या आधी उरकून घ्या. मी एका कागदावर कधी, किती ग्रे, किती सीटिंग एवढं लिहून पाकिटात ठेवलंय, दुसरी प्रत बायकोच्या पर्समध्ये आहे.